आमच्या मुलांचे गुण आपण नेमके कशाचे कापता?

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि राज्यातील विद्यापीठांच्या मराठी अभ्यास मंडळांचे सन्माननीय अध्यक्ष व सदस्य

महोदय, महोदया,

मी तोरणमाळला राहतो. पावसाळ्यात आपल्यापैकी काही जण इकडे येऊन गेले असतीलच. यशवंत तलाव पाहिला असेल, सीताखाईपाशी उभे राहून फोटो काढला असेल. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर, काळापाणी करत जो घाट चढून आपण आलात, त्याच घाटाने आमची मुले बारावीनंतर खाली उतरतात. कोणी शहाद्याला, कोणी नंदुरबारला, कोणी धुळे, नाशिक, पुण्याला. घरात पावरी, बाजारात अहिराणी आणि कचेरीत मराठी, अशा तीन भाषा त्यांच्या तोंडात असतात. कॉलेजात गेल्यावर त्यांना सांगितले जाते की तुम्हाला भाषा येत नाही.

मी स्वतः मराठी विषय घेऊन बी.ए. केले. आता लोकांचे अर्ज लिहून देतो : वनहक्काचे, जातीच्या दाखल्याचे, रेशनकार्डाचे. सही करणाऱ्या साहेबांनी माझ्या शुद्धलेखनात अजून खोट काढलेली नाही. तेव्हा भाषा कच्ची असलेल्या माणसाची ही कुरकुर आहे असे समजून आपण पत्र बाजूला ठेवू नये, एवढी सुरुवातीलाच विनंती.

माझी पुतणी बाहेरच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात पदवीच्या पहिल्या वर्षाला होती. कॉलेजाचे नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या कॉलेजात काही वेगळे घडले असते असे मला वाटत नाही. अंतर्गत मूल्यमापनाला निबंध होता, ‘सहकाराचे महत्त्व’. वर्गातल्या बहुतेकांनी प्रवरानगरचा साखर कारखाना, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ असे गाइडात असते तसे लिहिले. हिने सातपुड्यातल्या लाहबद्दल लिहिले. निंदणी आली की पाड्यावरची माणसे एकाच्या शेतात उतरतात, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या. मजुरी नाही, ज्याचे शेत त्याने जेवू घालायचे. कोणाची पाळी कधी, याचे रजिस्टर नाही, तरी कोणाची पाळी चुकत नाही. पुढे तिने लिहिले की दिवाळीनंतर माझे काका-काकी ऊसतोडीला गुजरातेत जातात, तिथले कारखानेही सहकारीच असतात, पण त्या सहकारात आमच्या वाट्याला फक्त कोयता येतो.

हे वाक्य मी मराठीचा विद्यार्थी म्हणून पुन्हा पुन्हा वाचले. असे वाक्य लिहिणारी मुलगी माझ्या वर्गात असती तर मी ते फळ्यावर लिहिले असते. तपासणाऱ्यांनी काय केले? ‘पानी’भोवती लाल गोल. ‘ऊसतोडनी’भोवती लाल गोल. ‘लाह’भोवती मोठा गोल आणि बाजूला शेरा : मराठी शब्द वापरावा. तळाशी आणखी एक : विषयाला धरून नाही, भाषा अशुद्ध. २० पैकी ७. कोयत्याच्या वाक्याखाली काहीच नाही, साधी टिकही नाही. ज्याने कोणी तपासले ते गृहस्थ वाईट असतील असे मी म्हणत नाही. त्यांना जे शोधायला शिकवले होते तेवढेच त्यांनी शोधले. माझा प्रश्न त्यांना नाही, आपल्याला आहे. त्यांच्या हातात काय शोधायचे याची पट्टी कोणी दिली?

आता दुसरा विद्यार्थी बघा. पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या घरातला. आई-वडील बोलतात तेच तो लिहितो, आणि त्याला ‘भाषेवर प्रभुत्व’ म्हणून गुण मिळतात. त्याने अभ्यास केला नाही असे मी म्हणत नाही. पण त्या गुणांत त्याच्या मेहनतीचे किती आणि जन्माचे किती, याचा हिशोब आपण कधी मांडला आहे का? आणि गंमत अशी की त्याच मुलाने ‘ट्रिप खूप एन्जॉय केली, पण परीक्षेचे टेन्शन होते’ असे लिहिले तर ते आजकालचे जिवंत मराठी ठरते. इंग्रजी शब्द चालतो. पावरी शब्द अशुद्ध. हा न्याय भाषाशास्त्राच्या कोणत्या पुस्तकात आहे ते मला दाखवावे. मला तरी त्यात भाषाशास्त्र कमी आणि कोणाचे घर वरचे, कोणाचे खालचे, हेच जास्त दिसते.

आपल्याला हा इतिहास सांगण्याची गरज नाही. आपणच तो वर्गात शिकवता. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. कोशाच्या कामाला जे शास्त्री-पंडित बसले होते ते कोणत्या समाजाचे होते, आणि पुढे छापखान्यात, शाळाखात्यात कुठले बोलणे प्रमाण धरले गेले, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ ला सरकारने स्वीकारले, १९७२ ला त्यांत भर पडली. ते नियम ठरवताना सातपुड्यातल्या कोणाला विचारले होते का? विचारले नसेल तर नसो, तेव्हा आमच्याकडे विचारण्याजोगा पदवीधर किती होता! पण आज आहे. आजही कोण विचारतो?

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांवर लिहिताना त्यांच्या व्याकरणाची टर उडवली होती. ‘गुलामगिरी’त काय म्हटले आहे त्याला उत्तर देण्यापेक्षा ते कसे लिहिले आहे यावर बोलणे सोपे होते. जोतीराव बधले नाहीत. १८८५ च्या ग्रंथकार सभेचे बोलावणेही त्यांनी परत पाठवले. पुढे १९६९ ला याच राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्यांचे समग्र वाङ्मय छापले. म्हणजे निकाल लागला, असे आम्ही समजत होतो. पण आज पदवीच्या पहिल्या वर्षाची उत्तरपत्रिका उघडली की चिपळूणकरांची लाल शाई अजून वाळलेली नाही हे दिसते.

याहून मोठा सल वेगळा आहे, आणि तो मी जरा सविस्तर लिहिणार आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आपण दलित, ग्रामीण, आदिवासी साहित्य शिकवता. ‘गोलपिठा’ शिकवता, ‘बलुतं’ शिकवता, ‘उपरा’ शिकवता. ‘बोलीभाषेचे सामर्थ्य स्पष्ट करा’ असा प्रश्न दहा गुणांना येतो. विद्यार्थ्याने त्याचे उत्तर मात्र बोलीची सावलीही पडू न देता लिहायचे! ‘कोसला’तल्या पांडुरंग सांगवीकराची खानदेशी ढब म्हणजे मराठी कादंबरीतली क्रांती, आणि खानदेशातल्याच मुलाच्या निबंधात ती आली की ‘भाषा सुधारा’. आमच्या शेजारच्या शहादा तालुक्यातले वाहरू सोनवणे भिली आणि मराठी अशा दोन्हींत लिहितात; त्यांचा ‘गोधड’ संग्रह १९८७ चा. आदिवासींचे दुःख आदिवासींऐवजी दुसरेच मंचावरून सांगत बसतात, हा त्यांच्या एका गाजलेल्या कवितेचा आशय. आपण त्या कवितेवर टीप लिहायला लावता. मग त्याच समाजातली मुलगी स्वतःचे स्वतः सांगायला उठते, तेव्हा तिला ७ गुण देऊन खाली बसवता. विसंगती आपल्या ध्यानात आली नसेल असे मी मानत नाही. आपण सगळे जाणकार आहात. ध्यानात येऊनही चालू ठेवले, हीच तर तक्रार आहे.

कवी छापून आला की त्याची बोली ठेवा होते. छापून येण्याआधी ती चूक असते. मग छापून येण्याइतका तो टिकणार कसा?

२०१८ ला सरकारने जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचे नाव दिले. आम्हाला आनंद झाला, खरेच झाला. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांची पदवीची प्रमाणपत्रे आता त्या नावाने निघतात. आसोद्यात जन्मलेली ही बाई लिहा-वाचायला शिकलेली नव्हती. तिची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी कागदावर उतरवून ठेवली, म्हणून ती गेल्यावर १९५२ ला पुस्तक निघाले आणि आचार्य अत्र्यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. आता सरकारला माझा साधा प्रश्न. राज्यातल्या कुठल्याही विद्यापीठात बहिणाबाई आज नाव न सांगता निबंधाच्या पेपरला बसल्या, त्यांच्याच भाषेत, तर आपल्या गुणदानाच्या पद्धतीत त्या पास होतील का? होय किंवा नाही, एवढेच उत्तर द्यावे. नाव देणे सोपे असते, त्याला एक अधिसूचना पुरते.

हा प्रश्न फक्त आमचाच आहे असेही नाही. अमेरिकेत कॉलेजातले लेखन शिकवणाऱ्या प्राध्यापकांची एक मोठी परिषद आहे. तिने १९७४ लाच ठराव केला की विद्यार्थ्याला त्याच्या घरच्या भाषेचा, बोलीचा हक्क आहे. १९७९ ला मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर गावच्या काळ्या मुलांच्या खटल्यात न्यायाधीशांनी शाळा-प्रशासनाला बजावले की मुलांची घरची भाषा काय आहे हे शिक्षकांनी समजून घ्यावे आणि ती लक्षात घेऊन वाचन शिकवावे. शिकायचे मुलांनी, हे ठीक. पण आधी शिकायचे शिक्षकांनी, असा तो निकाल. २०१९ ला लेखन शिकवणाऱ्यांच्या त्याच परिषदेच्या अध्यक्षपदावरून आसाओ इनोए या प्राध्यापकांनी समोर बसलेल्या गोऱ्या सहकाऱ्यांना तोंडावर सांगितले की आपण ‘चांगले इंग्रजी’ म्हणून जे तपासतो ते गोऱ्यांच्या घरातले इंग्रजी आहे, आणि त्यावर गुण देणे म्हणजे गोरेपणाला गुण देणे आहे. ते स्वतः वर्गात विद्यार्थ्याने किती काम केले, किती मसुदे लिहिले, यावर श्रेणी देतात. तिकडे सगळे सुधारले असे नाही; भांडण चालूच आहे. पण भांडण तरी आहे. तिकडे वर्ण, इकडे जात आणि जमात. आपल्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर कधी आला होता, ते मला कळवावे.

आपण काय म्हणाल ते मला पाठ आहे. प्रमाण मराठी आली नाही तर स्पर्धा परीक्षेत ही मुले टिकणार कशी? नोकरीत काय होईल? साहेब, बाई, आम्हाला प्रमाण मराठी हवीच आहे. ती नको म्हणणारा आदिवासी बाप मला अजून भेटलेला नाही. आम्ही म्हणतो ती शिकवा. शिकवणे आणि येत नाही म्हणून दंड करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावरीत असे बोलतात, मराठीत तसे लिहितात, दोन्हींत फरक हा आणि तो का, असे शेजारी शेजारी ठेवून दाखवणारे एक तरी पान आपल्या कुठल्या क्रमिक पुस्तकात आहे का? भिली, पावरी, अहिराणी, कोरकू, गोंडी, वारली, कातकरी बोलणारी मुले राज्यभर कॉलेजात आली आहेत. त्यांच्यासाठी व्यावहारिक मराठीचे पुस्तक आणि पुण्याच्या कोथरूडातल्या मुलाचे पुस्तक एकच. इंग्रजी शिकवताना मुलाची पहिली भाषा मराठी आहे हे आपण धरून चालता. मराठी शिकवताना प्रत्येकाची पहिली भाषा मराठीच आहे असे कशावरून धरले?

निबंधाचे विषय हा तर विनोदच आहे. ‘रेल्वे स्थानकावरील एक तास’ हा विषय आपण लहानपणी लिहिला असेल, आमची मुलेही लिहितात. अक्राणी तालुक्यात रूळ नाही. तोरणमाळच्या मुलाने एसटीच्या थांब्यावर लिहायचे म्हटले तर एक तासात काहीच घडत नाही, तीन तरी द्यावे लागतील. भोंगऱ्या बाजार, इंदल, गायणा, मोहाची फुले वेचणे, ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेलेले शाळेचे वर्ष, वनहक्काच्या दाव्याची सुनावणी, यांतला विषय कुठल्या परीक्षेला आल्याचे मी पाहिलेले नाही. ज्याला जे माहीत आहे त्यावर त्याला लिहायला लावा, मग भाषा किती कच्ची आहे ते बघू.

आश्वासनांबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण ती आपल्याच फायलींत आहेत. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याविषयी राज्यघटनेत ३५० अ हे कलम १९५६ ला आले. शिक्षण हक्क कायद्यात २००९ ला तेच पुन्हा लिहिले, ‘व्यवहार्य असेल तिथवर’ अशी पळवाट ठेवून. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात घरची भाषा पुन्हा आली. मार्च २०२४ ला राज्याने मराठी भाषा धोरण मंजूर केले, त्यातही बोलींचे जतन आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली, पेढे वाटले गेले. २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी गटाच्या भाषा बोलणारे १ कोटी ४ लाखांच्या आसपास आहेत आणि पावरी त्यांतच मोजली आहे. तरी भिली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. २५ हजारही भाषक नसलेली संस्कृत आहे. अनुसूची केंद्राची, हे मला कळते. पण राज्याच्या हातातले तरी काय झाले? इथे तोरणमाळला आंतरराष्ट्रीय निवासी शाळा निघाली. पण २०१८ ला राज्याच्या ज्या आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळाचा गाजावाजा झाला होता, ते दोन वर्षांत गुंडाळले गेले. आमच्या मुलांनी आंतरराष्ट्रीय व्हावे असे कोणाला तरी वाटले, याबद्दल आभार. त्यांनी पावरा राहून मराठी लिहावी असे मात्र कोणाला वाटले नाही.

आणि हे जमत नाही असे म्हणू नका. याच अक्राणी तालुक्यात, नर्मदेकाठी, धरणाच्या बुडितात गेलेल्या गावांनी १९९२ पासून जीवनशाळा चालवल्या. सरकारशी भांडत, पत्र्याखाली, कुडाच्या भिंतींत. तिथे मुलांना आधी पावरीत, भिलोरीत शिकवले आणि मग मराठीत नेले. धरणग्रस्तांना जे जमले ते पगारी प्राध्यापक, विद्यापीठे आणि एक पूर्ण मंत्रालय असलेल्या राज्याला का जमू नये?

प्राध्यापकांचेही एकदा ऐकून घ्या. आदिवासी तालुक्यांतल्या कॉलेजांत मराठी शिकवणारे कितीतरी जण तासिका तत्त्वावर आहेत. तासाचे पैसे मिळणार, तेही कधी मिळतील याचा भरवसा नाही, आणि समोर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. तो माणूस कोयत्याचे वाक्य वाचायला थांबणार कधी? लाल गोल मारायला वेळ लागत नाही. नेट-सेट झालेल्या उमेदवाराला मुलाखतीत दहा गोष्टी विचारतात. ज्या मुलांना शिकवायचे त्यांची भाषा कळते का, हा प्रश्न कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही. अनुसूचित क्षेत्रातल्या तलाठी, ग्रामसेवक, प्राथमिक शिक्षकाच्या पदांसाठी स्थानिक आदिवासी उमेदवार घ्यावेत असे राज्यपालांनी २०१४ ला अधिसूचित केले. कॉलेजचा उंबरठा आला की तो विचार का थांबतो?

आता मागणे. निबंध आणि व्यावहारिक लेखनाच्या गुणदानाची पट्टी जाहीर करा. आशयाला किती, मांडणीला किती, शुद्धलेखनाला किती, हे विद्यार्थ्याला पेपरला बसण्याआधी कळले पाहिजे आणि शुद्धलेखनाचा वाटा मर्यादित असला पाहिजे. पहिला मसुदा घरच्या भाषेत लिहू द्या आणि दुसऱ्या मसुद्यात झालेल्या सुधारणेला गुण ठेवा. बोलीतला शब्द अर्थासह आला तर त्याभोवती गोल मारू नये, असे परीक्षकांना लेखी कळवा. नंदुरबारला विद्यापीठाची आदिवासी अकादमी आहे. पावरी-मराठी, भिली-मराठी लेखनाची पुस्तिका करण्याचे काम तिथल्या आणि बाहेरच्या जाणकारांना पैसे देऊन सांगा, फुकट नव्हे. या जिल्ह्यात १०० पैकी ६९ माणसे आदिवासी आहेत. पुस्तिकेला वाचक नाहीत ही सबब चालणार नाही.

शेवटची मागणी बिनखर्चाची आहे. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे नेमलेल्या आपल्या मराठी अभ्यास मंडळांवर आज किती सदस्य आहेत आणि त्यांपैकी किती जणांच्या घरी मराठीखेरीज राज्यातली दुसरी एखादी भाषा बोलली जाते, ही यादी विद्यापीठवार प्रसिद्ध करावी. नवे शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते, त्याआधी. न झाल्यास हाच प्रश्न मी माहितीच्या अधिकारात प्रत्येक विद्यापीठाला स्वतंत्र विचारीन. तो अर्ज लिहिण्याचा मला सराव आहे.

उत्तर टपालाने ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर पाठवावे. ईमेलवर विसंबू नये, इथे नेटवर्कचा भरवसा नसतो. प्रमाण मराठीत असले तरी चालेल, आम्हाला वाचता येते.

आपला,
एक पावरा नागरिक
तोरणमाळ, ता. अक्राणी, जि. नंदुरबार